संमती संपली, जहाज आलं नव्हतं : गाझा, मे-जून १९६७

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस बेळगावात कुणाला शिकवावा लागत नाही. राज्य पुनर्रचना त्या दिवशी अमलात आली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि तेव्हापासून सीमाभागातला मराठी माणूस तो काळा दिवस म्हणून पाळतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी आजोबांचं बोट धरून त्या दिवसाच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. नेमक्या त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं पहिलं आणीबाणीचं विशेष अधिवेशन सुरू झालं, हे मात्र मी सांगेपर्यंत कुणाला ठाऊक नसतं. त्या अधिवेशनातून एक फौज उभी राहिली. भारतीय जवान तिच्यात पहिल्या महिन्यापासून होते, आणि ती गुंडाळली जात असताना तिच्यातलेच चौदा भारतीय जवान मारले गेले. हे प्रकरण त्या फौजेच्या शेवटच्या महिन्याचं आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला भारताचं परराष्ट्र धोरण शिकवताना मी ते घेते. पाठ्यपुस्तकात पंचशील असतं, अलिप्तता असते, आंतरराष्ट्रीय शांततेबद्दलचं घटनेचं कलम ५१ असतं. पुढच्या पानावर शांतिसेनेतलं भारताचं योगदान येतं : पन्नासहून अधिक मोहिमा, २ लाख ९० हजारांहून जास्त सैनिक, सुमारे १८० हुतात्मे. मुलं दोन्ही पानं पाठ करतात. तत्त्वं एका पानावर आणि हुतात्मे दुसऱ्या पानावर, त्यांची गाठ कुठे पडते ते पुस्तकात येत नाही. गाझात ती पडते.

आणि आमच्याकडे हा विषय पुस्तकापुरता नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. 'यू.एन.ला लागला की घरावर स्लॅब पडला' असं गावात सहज बोललं जातं, आणि त्यात खोटं काही नाही. निळी टोपी घालून उभा असलेला पोरगा भिंतीवरच्या फोटोत असतो. तो तिथं कुणाच्या परवानगीनं उभा होता, हा प्रश्न त्या घरात कधी निघालेला नसतो.

फौज आणि तिची अट

इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी जुलै १९५६ मध्ये सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबर संपता संपता इस्रायलनं इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात सैन्य घुसवलं, पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स उतरले. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार याच दोघांच्या हातात, म्हणून प्रश्न आमसभेत गेला. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी मधे उभी राहणारी फौज सुचवली, ५ नोव्हेंबरला ठराव झाला आणि यू.एन.ई.एफ., म्हणजे संयुक्त राष्ट्रांची आणीबाणी फौज, कागदावर आली. घाई इतकी होती की निळ्या बेरे टोप्या तयार होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. अमेरिकी हेल्मेटच्या आतल्या कवचांना निळा रंग मारून पहिल्या तुकड्या पाठवल्या. शांतिसैनिकाला 'ब्लू हेल्मेट' म्हणतात ते तेव्हापासून.

नेहरूंनी सैन्य द्यायचं कबूल केलं, पण अटी घालून. इजिप्तची संमती पाहिजे. ही फौज म्हणजे ब्रिटिश-फ्रेंच फौजेचा नवा अवतार होता कामा नये. ती तात्पुरती असावी आणि जुन्या शस्त्रसंधी रेषेच्या रक्षणापुरती असावी. पंचशीलाचा करार होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या सार्वभौमत्वाचा आदर ही त्यातली पहिलीच बाब. जिथं जायचं तिथल्या सरकारनं बोलावल्याशिवाय सैनिक जाणार नाही, ही भारताची भूमिका त्यातून निघते. आजही ती तशीच आहे.

इस्रायलनं मात्र आपल्या बाजूला ही फौज घ्यायला नकार दिला. त्यामुळे दोन शत्रूंच्या मधली ही फौज प्रत्यक्षात एकाच शत्रूच्या जमिनीवर उभी होती. सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड यांनी नोव्हेंबरातच कैरोला जाऊन नासेर यांच्याशी समझोता केला. इजिप्त सद्भावनेनं वागेल आणि फौजेचं काम पूर्ण होण्याची गरज ध्यानात ठेवेल, असा त्याचा आशय. काम पूर्ण झालं हे ठरवायचं कुणी, एवढंच त्यात स्पष्ट नव्हतं. या समझोत्याजवळ मी वर्गात नेहमी थांबते. शेताच्या बांधाचा तोंडी करार ज्यानं पाहिलाय त्याला इथं काय होणार ते आधीच कळतं.

त्यानंतरची साडेदहा वर्षं जवळजवळ शांततेची गेली. गाझा पट्टीच्या सुमारे ६० किलोमीटर रेषेवर ७२ निरीक्षण चौक्या होत्या. शेजारची चौकी नजरेच्या टप्प्यात राहील इतक्या अंतरावर प्रत्येक चौकी. दिवसा प्रत्येकीत दोन माणसं. रात्री डोळ्यांचा उपयोग नाही, म्हणून पाच ते सात जणांची गस्त पायी निघायची आणि सरासरी तीन वेळा आपला टापू तुडवायची. फळ्यावर मी बहात्तर ठिपके काढते. ते काढायला वेळ लागतो, मुलं कंटाळतात, पण ठिपके पूर्ण झाले की कंटाळवाणं काम म्हणजे काय हे त्यांना आपोआप समजतं. त्या कंटाळ्यानंच सरहद्द शांत ठेवली होती.

१६ मेची रात्र

१९६७ च्या मे महिन्यात फौज ओसरून सुमारे ३,४०० वर आली होती. त्यातले हजाराच्या आसपास भारतीय, म्हणजे सर्वांत मोठी तुकडी आपली. सेनापतीही आपलेच, मेजर जनरल इंदरजित रिख्ये.

१६ मेच्या रात्री इजिप्तच्या एका ब्रिगेडियरनं रिख्ये यांच्या हातात पत्र दिलं. पत्र इजिप्तचे सेनाप्रमुख जनरल फौझी यांचं : इजिप्तचं सैन्य इस्रायलविरुद्ध कारवाईला सज्ज आहे, तुमच्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी सरहद्दीवरच्या चौक्यांतून त्यांना ताबडतोब काढा. सिनाईच्या दक्षिण टोकाच्या शर्म-अल-शेखसारखी ठिकाणं त्याच रात्री रिकामी हवी होती. रिख्ये यांनी सांगितलं की मला हुकूम देणारे सरचिटणीस आहेत, मी त्यांना कळवतो. एका सेनापतीनं दुसऱ्या फौजेच्या सेनापतीला पत्र पाठवून आंतरराष्ट्रीय फौज हटवता येत नाही, आणि त्या रात्री रिख्ये यांनी तेवढीच गोष्ट नीट धरून ठेवली. मला त्यांचं हे वागणं फार मोलाचं वाटतं. बाहेर रणगाडे हलत होते, आणि हा माणूस कुणाचा अधिकार कुठपर्यंत आहे ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सिनाईतल्या युगोस्लाव चौक्यांवर इजिप्तचे सैनिक येऊन उभे राहिले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचे सरचिटणीस ऊ थांट यांनी सैन्य देणाऱ्या देशांना बोलावलं. १८ मेला इजिप्तच्या परराष्ट्रमंत्र्यांची रीतसर मागणी आली आणि ऊ थांट यांनी त्याच संध्याकाळी ती मान्य केली. इस्रायलला त्यांनी विचारलं होतं की फौज तुमच्या बाजूला घ्याल का. उत्तर तेच, १९५६ चं. २२ मेला ते कैरोला निघाले, तोवर नासेर यांनी तिरानची सामुद्रधुनी, म्हणजे इस्रायलचा लाल समुद्रात जायचा रस्ता, इस्रायलला बंद केल्याची घोषणा केली.

भारतानं काय ठरवलं

१७ मेच्या बैठकीत दोन मतं पडली. कॅनडा आणि ब्राझीलचं म्हणणं, घाई नको, आमसभेला विचारा. भारत आणि युगोस्लावियाचं म्हणणं, यजमान देशानं संमती काढून घेतली की विषय संपला, आमच्या तुकड्या निघतील. भारत त्या वर्षी सुरक्षा परिषदेचा सदस्य होता आणि परराष्ट्रमंत्री होते एम. सी. छागला, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. कायद्याच्या अंगानं भारताची बाजू भक्कम होती. संमतीवर आलेली फौज संमतीशिवाय राहिली तर ती कब्जा करणारी फौज होते, आणि असला कब्जा दोनशे वर्षं सोसलेल्या देशानं त्याला होकार द्यायचा तरी कसा?

तत्त्वाच्या बरोबरीनं दोन हिशेब होते आणि ते मुलांपासून लपवू नयेत असं मला वाटतं. एक म्हणजे नासेर, युगोस्लावियाचे टिटो आणि नेहरू यांनी बांधलेली अलिप्ततेची मैत्री. नेहरू गेले तरी ती दिल्लीत जिवंत होती. दुसरा हिशेब काश्मीरचा. तिथं १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक आहेत. सरकार 'जा' म्हणत असतानाही आंतरराष्ट्रीय फौज बसून राहू शकते, असा पायंडा गाझात पडला असता तर तो उद्या कुणावर उलटला असता, हे सांगायला परराष्ट्र खातं लागत नाही. हिशेब होता म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. देशाचं हित आणि देशाचं तत्त्व एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ते धोरण टिकतं, आणि संमतीबद्दलची भारताची भूमिका म्हणूनच इतकी वर्षं टिकली आहे.

माझी तक्रार वेगळ्या जागी आहे, आणि ती मला एका माणसानं दाखवून दिली.

मेजरांचा प्रश्न

आमच्याकडे गावात फौजेतून निवृत्त झालेल्या कुणालाही 'मेजर' म्हणतात, हुद्दा काही असो. खानापूर तालुक्यातले असेच एक मेजर, खरे निवृत्त सुभेदार, एका वर्षी मी वर्गात बोलावले. त्यांची सगळी नोकरी ए.एस.सी.त, म्हणजे सैन्याच्या पुरवठा दलात. राशन, पाणी, डिझेल, गाड्या. एक वर्ष ते लेबनॉनला होते, भारतीय तुकडी तिथं १९९८ पासून आहे. मला वाटलं होतं ते लेबनॉन आणि इस्रायलमधल्या निळ्या रेषेवरच्या निळ्या पिंपांबद्दल सांगतील, बर्फाबद्दल सांगतील. त्यांनी आधी माझं प्रकरण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खिशातला चष्मा काढून फळ्यावरच्या तारखा वाचल्या आणि म्हणाले,

"मॅडम, १८ मेला निघायचं ठरलं म्हणालासा. जहाज कवा यायचं होतं?"

मी म्हटलं, टप्प्याटप्प्यानं जायचं होतं, पुढच्या काही आठवड्यांत.

"आणि तवर ह्या हजार पोरांचं राशन-पाणी कुणाकडं होतं?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं विचारलाच नव्हता. उत्तर माझ्याच टिपणात पडलं होतं. यू.एन.ई.एफ.चा हवाई आणि पुरवठ्याचा मोठा भार कॅनडाच्या तुकडीवर होता. थांबा, आमसभेला विचारा असं म्हणणाऱ्या त्याच कॅनडावर कैरोचा राग होता. २७ मेला इजिप्तनं कॅनडाच्या तुकडीला ४८ तासांत निघायला सांगितलं. २९ ते ३१ मे या तीन दिवसांत ती विमानांनी निघूनही गेली. फौजेची रसद आणि विमानं तिच्याबरोबर गेली.

मेजर खुर्चीवर बसले नव्हते. हात मागे बांधून फळ्यासमोर उभे होते. "म्हंजे ज्यांनी नको म्हटलं ते आधी घरी पोचले," ते म्हणाले, "आणि आमी हो म्हटलं म्हणून वाट बघत बसलो."

वर्गात कुणी बोललं नाही. मलाही लगेच काही सुचलं नाही. नंतर मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं आणि हा भाग त्याच्या मध्यभागी आणला. भारत मित्र होता, म्हणून त्याच्या तुकडीला घाईनं हाकललं नाही. मित्राला ४८ तासांची मुदत कोण देतो? सन्मानानं, क्रमानं, जहाजातून जायचं ठरलं होतं. 'जाऊ' हे उत्तर १७ मेला एका दिवसात मिळालं. कसे आणि किती दिवसांत, याचं उत्तर ५ जूनपर्यंत पुरं झालं नव्हतं.

५ जून

त्या सकाळी युद्ध पेटलं. भारतीय तुकडी गाझातच होती. तिच्याकडे आता चौकी नव्हती, गस्त नव्हती, काम नव्हतं. फौजेचं काम १९ मेलाच अधिकृतपणे थांबलं होतं. खान युनिसच्या दक्षिणेला रस्त्यावरून जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर इस्रायली विमानांनी गोळीबार केला आणि तीन भारतीय जवान गेले. यू.एन.ई.एफ.च्या गाड्या पांढऱ्या रंगवलेल्या असत. पुढच्या तोफमाऱ्यात भारतीय छावणी सापडली. लढाईत मिळून चौदा भारतीय आणि एक ब्राझिलियन सैनिक मारला गेला. इंदिरा गांधींनी संसदेत तीव्र निषेध केला. रिख्ये १७ जूनला, सगळ्यांत शेवटी, गाझातून बाहेर पडले.

इथं दोष कुणाचा, असं मुलं विचारतात. गोळ्या झाडणाऱ्याचा दोष पहिला, त्यात शंका नाही. संमती काढून घेणाऱ्या सरकारनं चालत्या युद्धतयारीच्या मधोमध पाहुण्यांना ठेवलं, तो दुसरा. ऊ थांट यांच्यावर त्या काळी पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी सगळं खापर फोडलं, ते मला अन्यायाचं वाटतं. एका बाजूनं फौज घ्यायला नकार दिलेला, दुसऱ्या बाजूनं हाकललेलं, आणि ज्यांच्या तुकड्या मिळून जवळजवळ निम्मी फौज होती ते भारत आणि युगोस्लाविया निघतो म्हणालेले. ऊ थांट यांनी उभं कुणाला करायचं होतं? पण आपल्या दिल्लीकडूनही एक गोष्ट राहिली. संमतीचं तत्त्व आत जाताना जितक्या बारकाईनं मांडलं, १९५६ मध्ये अटी घालून, तितकी बारकाई बाहेर पडताना दिसत नाही. आत जाण्याच्या अटीत बाहेर येण्याची अट असायला हवी होती : संमती संपली तर इतक्या दिवसांत, अमुक बंदरातून, आणि तोपर्यंत रसद आमच्या ताब्यात.

हे मागाहून सुचलेलं शहाणपण आहे, असं एका विद्यार्थ्यानं मला तोंडावर सांगितलं. बरोबर आहे त्याचं. पण पुढचा अनुभव पाहा. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली शांतिसेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती, दोन सरकारांच्या कराराची होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान तिथं लढले, आमच्या भागातल्या घरांना ती वर्षं अजून आठवतात. १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदास यांनी २९ जुलैपर्यंत निघून जा म्हणून सांगितलं. संमती तिथंही संपली. पण शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, वाटाघाटी करून, आपल्याच जहाजांतून. ती मोहीम इतर कारणांनी फार महाग पडली, अकराशेहून अधिक जवान गेले, आणि तिथं जायलाच नको होतं असं माझं मत आहे. तरी परतीचा रस्ता आपल्या हातात होता, हा फरक मोठा आहे. मालीनं २०२३ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेला जायला सांगितलं, तेव्हा सुरक्षा परिषदेनं ३० जूनच्या ठरावातच सहा महिन्यांची मुदत आखून दिली. ३१ डिसेंबरची तारीख कागदावर होती.

२०१३ मध्ये काँगोसाठी हल्ला करू शकणारी खास ब्रिगेड सुरक्षा परिषदेनं मंजूर केली, तेव्हा भारतानं नाराजी दाखवली. शांतिसैनिक एका बाजूचा लढवय्या झाला की उरलेल्या सगळ्या निळ्या टोप्या नेमबाजीचं निशाण होतात, ही भीती भारताला होती. तटस्थता, संमती आणि स्वसंरक्षणापुरताच बळाचा वापर, ही तीन तत्त्वं मुलं परीक्षेत एका ओळीत लिहितात. त्यातलं पहिलं सुटलं की तिसऱ्यावर किती भार येतो, ते काँगोत दिसतं.

कुणाची संमती

या प्रकरणात मला छळणारा एक प्रश्न उरतोच. सीमाभागात वाढलेल्या मुलांना तो माझ्याआधी सुचतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, इजिप्तची संमती घेतली, पण गाझातल्या लोकांची?"

नव्हती घेतली. गाझा इजिप्तच्या लष्करी प्रशासनाखाली होतं, आणि तिथं राहणारे बहुतेक लोक १९४८ चे निर्वासित पॅलेस्टिनी. फौज मार्च १९५७ मध्ये गाझात शिरली तेव्हा लोकांनी रस्त्यावर येऊन निदर्शनं केली. १९६७ मध्ये ती निघाली तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नाही. शांतिसेनेच्या भाषेत संमती म्हणजे सरकारची संमती. ज्या सभागृहात १९५६ चा ठराव झाला तिथं बसतात ती सरकारं. त्याच आठवड्यात आमच्या आजोबांना कळलं होतं की आपलं गाव कुठल्या राज्यात हे आपल्याला विचारून ठरत नसतं. आणि १९६७ चा तो मे-जून, त्यावेळी आमच्या सीमावादावरच्या महाजन आयोगाचं काम चालू होतं, अहवाल ऑगस्टमध्ये यायचा होता. गाझाचं दुःख आणि आमचं दुःख एका मापाचं नाही, तसं म्हणणं त्यांच्यावर अन्याय ठरेल. पण ही मुलं तो प्रश्न विचारतात ते कुठून येतं, मला ठाऊक आहे, आणि ते मी दाबत नाही. राष्ट्रहिताचं धोरण शिकवताना माणसांची संमती कुठल्या रकान्यात लिहायची, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी तो रकाना फळ्यावर मोकळा ठेवते.

यंदा हे प्रकरण झालं तेव्हा लेबनॉनचा विषय आपसूकच निघाला. सुरक्षा परिषदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या फौजेला शेवटची मुदतवाढ दिली आहे, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, आणि त्यानंतर वर्षभरात सगळ्यांनी परतायचं आहे. मी तारखा फळ्यावर लिहिल्या. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी त्या उतरवून घेत होती. तिचा भाऊ तिथं आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. वही मिटण्याआधी तिनं हात वर केला.

"मॅडम, ह्यांचं परत येणं विमानानं आहे की जहाजानं? ते कुठं लिहिलंय काय?"